माहितीचे महाजाल : वाचण्यापासून लिहिण्यापर्यंत

वर्गात फळा असतो आणि पाटीही असते. फळ्यावर शिक्षक लिहितात, मुले वाचतात. पाटीवर मुले लिहितात, शिक्षक तपासतात. शिकणे पुरे व्हायचे तर दोन्ही लागतात, हे कोणाही शिक्षकाला सांगावे लागत नाही. माहितीच्या महाजालाचा, म्हणजे वेबचा, इतिहास या दोन वस्तूंच्या आधाराने सांगता येईल. १९९०च्या दशकात वेब बहुतांशी फळा होते. लिहिणारे थोडे, वाचणारे पुष्कळ. २०००नंतर त्याची पाटी होऊ लागली आणि वाचणाराच लिहू लागला.

हा बदल तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत साधारणपणे अमेरिकेच्या संदर्भात सांगितलेला असतो. मराठीपुरते पाहिले तर त्यात एक जादा पायरी होती. पाटीवर लिहायचे तर आधी अक्षर हवे, आणि सर्वांच्या संगणकावर सारखेच उमटेल असे मराठी अक्षर त्या वेळी नव्हते. ती पायरी कशी चढली गेली, ते येथे पाहू. या हकिकतीचे काही धागे पुण्यात आहेत.

छापील खंडांचा काळ

आधी वेबच्या पूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि परत आल्यावर मराठीत ज्ञानकोश काढण्याचे मनावर घेतले. काम नागपुरात सुरू झाले, पुढे ते पुण्यात आले आणि १९२०च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड बाहेर पडले. त्यांतला पाचवा खंड ‘विज्ञानेतिहास’ असा आहे. पैसा उभा करण्यासाठी केतकरांनी लिमिटेड कंपनी काढली, तिचे भाग विकले, वर्गणीदार जमवले. स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला ‘मराठी विश्वकोशा’चे काम सुरू झाले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि पुढे वीस खंड झाले.

या दोन्ही प्रकल्पांत वाचकाची जागा कोणती होती? तो वर्गणीदार होता, ग्राहक होता. नोंदीत चूक आढळली तर संपादकांना पोस्टकार्ड लिहिणे एवढेच त्याच्या हाती होते. संपादकांना ते पटले तरी दुरुस्ती व्हायची ती नव्या आवृत्तीत, आणि अशा अवाढव्य ग्रंथाची नवी आवृत्ती काढणे सोपे नसते. प्लूटोचे उदाहरण घेऊ. केतकरांचे खंड पुरे झाल्यावर, १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला. साहजिकच ज्ञानकोशाच्या खंडांत तो असणे शक्य नव्हते. विश्वकोशाचे बहुतेक खंड छापून झाले होते तेव्हा, ऑगस्ट २००६ मध्ये, प्राग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या अधिवेशनाने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून ‘बटुग्रह’ ठरवले. दोन्ही वेळा संपादकांची चूक नव्हती. ज्ञान पुढे गेले आणि छापलेला कागद होता तिथेच राहिला.

वेब जन्माला आले तेव्हा

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत मांडली. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या शास्त्रज्ञांची टिपणे एकमेकांना जोडलेली असावीत, असा त्यांचा हेतू होता. गंमत अशी की, १९९०च्या अखेरीस त्यांनी तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचण्याची सोय होती तशी ते दुरुस्त करण्याचीही होती. म्हणजे वेबच्या जनकाच्या मनात फळा आणि पाटी एकत्रच होत्या.

परंतु हा ब्राउझर नेक्स्ट नावाच्या एका विशिष्ट संगणकावरच चालत असे. सामान्य संगणकांवर वेब पोहोचवले ते १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेक या ब्राउझरने. त्यात चित्रे दिसत, वापरणे सोपे होते, मात्र लिहिण्याची सोय वगळलेली होती. मोझेकच्या वळणावर पुढचे ब्राउझर तयार झाले आणि वेब म्हणजे ‘पाहण्याची’ गोष्ट अशी सर्वांची समजूत झाली.

त्या वेळचे पान कसे काम करी? पान म्हणजे सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकावर ठेवलेली एक फाइल. आपण पत्ता दिला की सर्व्हर त्या फाइलची नक्कल पाठवी. शंभर जणांनी मागितली तर शंभर जणांना तीच नक्कल. पान बदलायचे तर सर्व्हरवर जाण्याचा अधिकार असलेल्या माणसानेच ती फाइल बदलायला हवी. म्हणून अशा पानांना ‘स्थिर पाने’ म्हणतात. छापील खंडाशी त्यांचे नाते जवळचे होते. फरक एवढाच की, छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचला.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आधी मोठ्या महानगरांना आणि पुढे पुण्यालाही ती मिळाली. दूरध्वनीच्या तारेला मोडेम जोडून संथ गतीने पाने उतरवावी लागत. त्या पानांवर मराठी जवळजवळ नव्हतीच.

अडचण अक्षराची

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त संख्या कळते. इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला कोणती संख्या द्यायची हे अमेरिकेत १९६०च्या दशकातच ठरले होते. भारतीय लिप्यांसाठी हे काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि हे काम तिथे ‘जिस्ट’ या नावाने वाढले. साध्या संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. परम या महासंगणकामुळे सी-डॅकचे नाव झाले, पण जिस्टचे हे काम सामान्य माणसाच्या अधिक जवळचे होते. भारतीय लिप्यांच्या संकेतांकांचे ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाले.

प्रमाण झाले, पण वेबवर ते चालले नाही. जगभरचे ब्राउझर इस्की ओळखत नव्हते. मग एक पळवाट निघाली. संगणकाला वाटावे आपण इंग्रजी अक्षरेच दाखवत आहोत, पण त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेला फॉन्ट वापरायचा. काना, वेलांटी, अर्धा क, असे ते तुकडे. पडद्यावर ‘मराठी’ दिसे, पण संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असे. प्रत्येक उत्पादकाची तुकड्यांची मांडणी वेगळी. त्यामुळे सी-डॅकच्या ‘सुरेख’ फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये उघडला की कचरा दिसे. मराठी वृत्तपत्रांची आणि शासनाची पाने उघडताना ‘आधी हा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना येई, ती अनेकांना आठवत असेल.

याचा आपल्या विषयाशी काय संबंध? संबंध थेट आहे. फॉन्ट उतरवून घेतलेल्या वाचकाला पान वाचता येई, पण त्याला उत्तर लिहायचे असेल तर तोच फॉन्ट आणि त्याचीच कळपाटी हवी. मजकुरात एखादा शब्द शोधावा, तर संगणकाला तो सापडत नसे, कारण त्याच्या दृष्टीने तिथे मराठी शब्दच नव्हता. म्हणजे ही पाने दुहेरी अर्थाने स्थिर होती. एक तर फाइल बदलता येत नव्हती, आणि वाचकाच्या हाती लिहिण्याचे साधन नव्हते.

ज्यांना लिहिल्यावाचून राहवत नव्हते त्यांनी रोमन लिपीचा आसरा घेतला. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘मायबोली’वर आरंभी अशी रोमन मराठीही वाचायला मिळे. तिची मर्यादा मुलांना सहज दाखवता येईल. रोमनमध्ये साधेपणाने लिहिलेला ‘बाळ’ हा शब्द बाळ, बाल, बळ, बल असा कसाही वाचता येतो. संदर्भावरून अर्थ लावायचा. गप्पांना हे चालते, ज्ञानकोशाला चालत नाही.

अक्षराला क्रमांक मिळाला

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती आणि तिची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे भारतात झालेले काम वाया गेले नाही, ते जागतिक प्रमाणाच्या पायात गेले.

देवनागरीच्या मूळ विभागाला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ष’चा २३५९ आणि पाय मोडण्याच्या चिन्हाचा २३८१. आता ‘क्ष’ कसा साठवला जातो? २३२५, २३८१, २३५९. म्हणजे क, त्याचा मोडलेला पाय आणि ष. व्याकरणाच्या तासाला आपण जोडाक्षराची फोड करतो तीच ही. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण युनिकोडमध्ये आधी क (२३२५) आणि मग वेलांटी (२३६७) साठवली जाते, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. फॉन्टच्या पळवाटेत अक्षराचे चित्र साठवले जाई, युनिकोडमध्ये अक्षर साठवले जाते. ते कोणत्या वळणाचे दिसावे हे नंतर फॉन्ट ठरवतो.

मराठीची एक खास गरज मात्र उशिरा पुरी झाली. ‘ॲसिड’मधल्या ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक (२४१८) मिळाला तो २००८ मध्ये. तोपर्यंत ‘अ’ लिहून त्यावर चंद्र काढावा लागे. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण संगणकाला ती वेगळी वाटतात. एखादा शब्द असूनही शोधात सापडत नाही, त्यामागे कधी कधी हे कारण असते.

क्रमांक ठरले म्हणजे लगेच सर्वत्र चालू झाले असे नाही. विंडोजच्या २००० आणि त्यानंतरच्या एक्सपी या आवृत्त्यांत देवनागरीची सोय आली आणि ‘मंगल’ हा फॉन्ट सोबत मिळू लागला. टंकनासाठी इनस्क्रिप्ट ही प्रमाण कळपाटी होतीच. ती न शिकलेल्यांसाठी उच्चारानुसार रोमन कळा दाबून देवनागरी उमटवणाऱ्या छोट्या आज्ञावल्या तयार झाल्या. अशी आज्ञावली पानातच बसवलेली असली की वाचकाला काहीच उतरवून घ्यावे लागत नसे. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘मनोगत’वर युनिकोड आणि अशी सोय दोन्ही होत्या. वाचता वाचता मराठीतच लिहू लागणे हे आता कोणालाही जमण्यासारखे झाले.

पान मागणीनुसार तयार होऊ लागले

इकडे अक्षराचा प्रश्न सुटत होता, तिकडे पानाची रचनाही बदलत होती. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेबच्या पानात रिकामे रकाने ठेवण्याची सोय आली. वाचकाने रकान्यात लिहिलेले सर्व्हरकडे जाई, तिथली आज्ञावली ते माहितीच्या कोठारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, टाकी. पुढचा वाचक आला की कोठारातला मजकूर काढून त्याच्यासाठी पान त्या क्षणी जुळवले जाई. फाइल ठेवलेली नसे, मागणीनुसार पान तयार होई. स्थिर पान आणि सहभागाचे पान यांतला तांत्रिक फरक मुख्यतः एवढाच आहे.

या सोयीचा सर्वांत धीट उपयोग वॉर्ड कनिंगहॅम यांनी केला. त्यांनी २५ मार्च १९९५ रोजी असे संकेतस्थळ खुले केले की, ज्यातील कोणतेही पान कोणीही दुरुस्त करावे. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद, म्हणून या पद्धतीला विकी हे नाव पडले. कोणीही काहीही पुसू शकेल, मग ते टिकणार कसे? युक्ती अशी की, विकीमध्ये पुढे पानाची प्रत्येक जुनी आवृत्ती जपून ठेवली जाऊ लागली. बिघडवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात ते पूर्ववत करता येते.

ज्ञानकोशासाठी हे वापरावे, असे मात्र आरंभी कोणाच्या मनात नव्हते. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी ‘न्यूपीडिया’ सुरू केला तो जुन्याच शिस्तीने. लेखक तज्ज्ञ, आणि प्रत्येक लेखाला तपासणीच्या सात पायऱ्या. पहिल्या वर्षभरात दोन डझन लेखही पुरे झाले नाहीत. कच्चे लेख तयार करायला जोड म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया काढला गेला. वर्षभरात त्यावर सुमारे २० हजार लेख झाले आणि मूळ न्यूपीडिया मागे पडला.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. याच सुमारास, ऑक्टोबर २००४ मध्ये, अमेरिकेत भरलेल्या एका परिषदेमुळे ‘वेब २.०’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. वाचकांच्या सहभागाने चालणारे वेब, असा त्याचा अर्थ. नाव नवे असले तरी बर्नर्स-ली यांच्या पहिल्या ब्राउझरमध्ये जे होते तेच पुन्हा हाती आले, असे म्हणता येईल.

केतकरांच्या ज्ञानकोशाचाही या काळात दुसरा जन्म झाला. केतकरांचे निधन १९३७ मध्ये झाले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे लेखनहक्क राहतो, म्हणून १९९७ अखेर तो संपला. पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने ज्ञानकोश युनिकोडमध्ये आणून वेबवर सर्वांना खुला केला. ज्या ग्रंथासाठी वर्गणीदार व्हावे लागे, तो आता खेड्यातल्या शाळेलाही फुकट वाचता येतो आणि त्यात शब्द शोधता येतो.

पाटी कोणाची?

सहभागाची दुसरी बाजूही शिक्षकांनी लक्षात घेतली पाहिजे. २००४ मध्ये फेसबुक आले, २००५ मध्ये यूट्यूब. लिहिणे, छायाचित्र लावणे अगदी सोपे झाले आणि कोट्यवधी लोक लिहू लागले. पण ही पाटी भाड्याची आहे. जाहिरातीचे उत्पन्न कंपनीचे, कोणते लिखाण कोणाला दाखवायचे हे ठरवणार कंपनी, आणि दुकान बंद करायचे ठरले तर तेही तीच ठरवणार. जिओसिटीजवर असंख्य लोकांनी हौसेने घरगुती पाने बांधली होती, अमेरिकेतील ती सेवा २००९ मध्ये बंद झाली. भारतात एके काळी घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ अखेर बंद झाले. ज्यांनी आपले लिखाण वेळेत उतरवून ठेवले नाही, त्यांच्या हाती फारसे काही राहिले नाही.

दुसरा फरक पुराव्याचा. विकीच्या पानाला इतिहास असतो. कोणत्या दिवशी कोणता शब्द बदलला ते पाहता येते, विधानाला आधार मागता येतो. मोबाइलवर पुढे पुढे ढकलल्या जाणाऱ्या निरोपाला ना लेखक, ना तारीख, ना आधार. दोन्हींना आपण ‘सहभाग’च म्हणतो, पण एकात तपासणी आहे आणि दुसऱ्यात नाही.

तिसरी गोष्ट संख्येची. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आहेत. मराठी विकिपीडियावर लेख आहेत एक लाखाच्या आसपास, इंग्रजीत ७० लाखांच्या आसपास. मराठी लेखांपैकी पुष्कळसे चार-पाच ओळींचेच आहेत. अक्षराची अडचण दूर होऊन वीस वर्षे उलटली. तेव्हा आता उरलेली अडचण तांत्रिक म्हणता येणार नाही. विज्ञानाची चांगली मराठी ज्यांना येते, ते लिहीत नाहीत, ही आहे. आणि विज्ञानाची चांगली मराठी रोज बोलणारा मोठा वर्ग म्हणजे शाळेतले शिक्षक.

वर्गात काय करता येईल?

एक उपक्रम सुचवतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेच्या पुराने पुण्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. या पुराविषयी मराठी विकिपीडियावर काय आहे ते आठवी-नववीच्या मुलांना वाचायला सांगावे. प्रत्येक वाक्यापुढे एक प्रश्न लिहावा : हे कशावरून? ज्या वाक्याला आधार दिलेला नाही त्याचा आधार ग्रंथालयात जाऊन जुन्या वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत शोधावा. सापडला तर तो मुलांनी स्वतः लेखात घालावा. ‘इतिहास पहा’ ही कळ दाबून लेख कसा वाढत गेला हेही पाहावे.

यात एक पेच येईल आणि तो यावाच. एखाद्या मुलीची आजी पूर डोळ्यांनी पाहिलेली असेल. तिने सांगितलेले कोणत्याही पुस्तकात नाही. विकिपीडियाच्या नियमानुसार प्रसिद्ध झालेल्या आधाराशिवाय मजकूर घालता येत नाही, म्हणजे आजीची हकीकत तिथे जाऊ शकत नाही. मग ती खोटी का? मुळीच नाही. ती वेगळ्या प्रकारची माहिती आहे. ती तारीख, ठिकाण आणि सांगणाराच्या संमतीसह लिहून घ्यावी, दोन-तीन आज्यांच्या हकिकती ताडून पाहाव्यात आणि शाळेच्या वार्षिकात छापाव्यात. अशा छापलेल्या नोंदी उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडतील. साक्ष, नोंद आणि ज्ञानकोशातील विधान यांतला फरक व्याख्यानाने जेवढा कळत नाही तेवढा यातून कळतो.

पूर नसेल तर आपल्या गावची नदी घ्या, डोंगर घ्या, तलावावर येणारे पक्षी घ्या. शाळेच्या एका इयत्तेने वर्षात एक लेख नीट केला तरी पुरे. केतकरांना वर्गणीदार शोधत फिरावे लागले. आज लिहिणारे शोधायचे आहेत, आणि ते आपल्याच वर्गात बसलेले आहेत.